खिशातला फोन

मोबाइल दुरुस्तीच्या त्या दुकानात जेमतेम दोन खुर्च्या मावत, आणि त्यातल्या एका खुर्चीवर बावीस वर्षं एकच बाई बसत आली होती. हातात कायम बारीक टोकाचा चिमटा, म्हणून गल्लीने तिला चिमटामावशी करून टाकलं होतं. खरं नाव वीजबिलावर छापून यायचं, पण ते बिलही पोस्टमन ‘चिमटामावशी, बिल’ अशी हाक मारून टाकायचा. जीभही चिमट्यासारखीच टोकदार. फोन पाण्यात पाडून आणणाऱ्याला ती आधी चांगली झापायची, मग खुर्ची द्यायची, मग फोन उघडायची. लोक मुकाट बोलणी खायचे, कारण दुसरीकडे ‘फेकून द्या’ म्हणून परत पाठवलेले फोन हिच्याकडून बोलते होऊन जायचे.

तिचा खरा राग फोन पाडणाऱ्यांवर नव्हता. तो फोन बनवणाऱ्यांवर होता. आधी त्यांनी बॅटरी बाहेर काढायची सोय बंद केली. मग बॅटरी गोंदाने चिकटवली. मग असले स्क्रू आणले की ते उघडायचा पाना बाजारातच मिळू नये. तिने पाने स्वतः कानशीने घासून बनवले. मग त्यांनी कडी केली. भागाभागाला अशी ओळख चिकटवली की एका फोनचा चांगला पडदा दुसऱ्या तशाच फोनला लावला, तर फोनच म्हणणार, हा भाग माझा नाही, मी चालणार नाही.

एका सुताराचा फोन तिच्या कायम डोक्यात राहिला. त्याची बायको वर्षापूर्वी वारली होती आणि तिच्या आवाजातले निरोप त्या फोनमध्ये होते. ‘येताना साबण आणा’, ‘उशीर होणार असेल तर कळवा’, असलेच साधे. फोनचा नुसता पडदा फुटला होता. मावशीने तस्साच दुसरा पडदा लावला, फोन उजळला, आणि दोन मिनिटांत अनोळखी भाग म्हणून कुलूप लावून बसला. कंपनीच्या केंद्रातून सुताराला उत्तर आलं, नवीन मॉडेल घ्या. तो म्हणाला, “राहू दे मावशी, तुम्ही केलंत तेवढं पुष्कळ.” तो गेल्यावर तिने भर दुपारी दुकान बंद केलं आणि आतल्या आत धुमसत बसली. शिव्या द्यायला समोर माणूससुद्धा नाही, ह्याचा तिला जास्त संताप आला.

त्यानंतर महिनाभरात ती ओपन सोर्स फोनवाल्यांच्यात जाऊन पोचली. तंत्रशाळेतून निवृत्त झालेले एक सर होते. त्यांनी पाच-सहा वर्षांपासून ध्यास घेतला होता की एक असा फोन काढायचा, ज्याची सगळी रेखाचित्रं, सगळा प्रोग्राम, एकूण एक गोष्ट कुणालाही बघायला खुली असेल. कुणीही उघडावा, कुणीही दुरुस्त करावा, कुणाला वाटलं तर बदलावा. तंत्रशाळेच्या जुन्या प्रयोगशाळेत दर शनिवारी सकाळी तेरा-चौदा जण जमत. जाड चष्म्याची एक मुलगी फोनचा प्रोग्राम लिहायची. तिला सगळे चष्मिष म्हणायचे. एक माणूस प्रसिद्धीचं बघायचा, बाकी कुणी शिक्षक, कुणी अभियंते. हाताला सोल्डरचे चटके बसलेली एकटी मावशीच.

पहिल्याच शनिवारी तिने त्यांचा नमुना फोन उघडला आणि सरांना विचारलं, “बॅटरी गोंदाने का चिकटवली?”

“सगळेच तसं करतात,” सर म्हणाले.

“मग तुमची गरज काय?”

सर मनापासून हसले. पुढच्या नमुन्यात बॅटरी दोन साध्या स्क्रूवर बसली. मागचं झाकण नखाने उघडायला लागलं. त्या झाकणाच्या रेखाचित्राच्या कोपऱ्यात, जिथे आखणाऱ्याचं नाव घालतात, तिथे मावशीचं खरं नाव आलं. तिने त्या कागदाची छापील प्रत दुकानात काचेखाली ठेवली. वीजबिल सोडून तिचं नाव छापलेलं तेवढं एकच होतं.

फोन आकाराला आला. विक्रीची तारीख ठरली. तीनशे चाळीस लोकांनी आधीच नावं नोंदवली. त्याआधी थोडे फोन खऱ्या माणसांच्या हातात देऊन बघायचं ठरलं, तेव्हा मावशीने एक धाकट्या भावाला दिला.

भाऊ लिफ्ट मेकॅनिक. शहरातल्या साठ-सत्तर इमारतींच्या लिफ्ट सांभाळणाऱ्या एका शेठकडे तो सतरा वर्षं होता. लिफ्ट अडकली की लोक त्यालाच फोन करत. त्याची नोकरी म्हणजे अर्धा पाना आणि अर्धा फोन. तो मुळात नव्या वस्तूंच्या वाटेला न जाणारा माणूस. “माझा जुना चांगला चालतोय की,” तो म्हणाला.

“तो बिघडला की तुला माझ्याकडे यावं लागतं. हा तू स्वतः उघडशील. माझ्यासाठी वापर,” मावशी म्हणाली.

तो तिच्यासाठी वापरायला लागला.

तीन आठवड्यांनी तो म्हणाला, “ताई, हा कधीकधी वाजतच नाही. लोक म्हणतात फोन केला होता, आणि ह्याला पत्ताच नसतो.”

मावशीने फोन घेतला, समोर ठेवला, चार्जरला लावला, स्वतःच्या फोनवरून लावून बघितला. वाजला. दहादा लावला, दहादा वाजला. तरीही तिने गटाच्या वेबसाइटवरच्या तक्रारींच्या यादीत रीतसर लिहिलं. ही यादी गटाचा मोठा अभिमान होती. कंपन्या तक्रारी लपवतात, आपली यादी जगाला उघडी. चष्मिषने स्वतःच्या टेबलावरचा फोन चार दिवस तपासला. आणखी तिघांनी तपासला. सगळ्यांनी लिहिलं, ‘आमच्याकडे असं होत नाही.’ यादीच्या नियमाप्रमाणे तक्रार बंद करायला तक्रारदाराची संमती लागे. मावशीने संमती दिली. भावाला म्हणाली, “लिफ्टच्या खड्ड्यात रेंज नसते रे. नाहीतर तूच आवाज बंद केला असशील.”

भाऊ म्हणाला, “असेल.” मोठ्या बहिणीला फोनमधलं कळतं, हे त्याने लहानपणापासून गृहीत धरलं होतं.

पुढच्या आठवड्यात मंगळवारी दुपारी एका इमारतीत तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे लिफ्ट अडकली. आत एक साठीच्या बाई, दम्याच्या. इमारतीच्या रखवालदाराने भावाला फोन लावला. पुन्हा लावला. मग शेठना बोलावलं, शेठनी स्वतः लावला. एकूण अकरा वेळा. भाऊ त्या वेळी तीन गल्ल्या सोडून दुसऱ्या इमारतीच्या गच्चीवरच्या खोलीत लिफ्टच्या मोटरला तेल घालत होता, आणि फोन त्याच्या शर्टाच्या खिशात, छातीला लागून होता. तो एकदाही वाजला नाही. दोन तासांनी अग्निशामक दलाने दार फोडून बाईंना काढलं. त्या वाचल्या, पण ओठ निळे पडले होते आणि त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं.

शेठ भावाला म्हणाले, “फोन बंद करून झोपला होतास.” भावाने फोन दाखवला. त्यावर एकही कॉल आल्याची नोंद नव्हती. त्याने तर तो आणखीच खोटा पडला. “अकरा वेळा लावलाय, मी स्वतः लावलाय, आणि तू म्हणतोस आलाच नाही?” शेठनी त्याच्याकडून चाव्यांचा जुडगा काढून घेतला आणि सांगितलं, घरी बस.

बुधवारी सकाळी भाऊ दुकानात आला. खुर्चीवर बसला नाही. त्याने तो फोन काउंटरवर ठेवला. आपटला असता तर मावशीला बरं वाटलं असतं. त्याने हळूच ठेवला.

“सतरा वर्षांत मला कुणी खोटारडा म्हणालं नव्हतं,” तो म्हणाला.

“अरे, मी बघते काय झालंय ते—”

“एक विचारू ताई? तू स्वतः कुठला वापरतेस?”

मावशीच्या एप्रनच्या खिशात तिचा नऊ वर्षांचा जुना बटणांचा फोन होता. गिऱ्हाइकांचे फोन यायचे त्याच्यावर. ते चुकून चालत नाही, म्हणून तिने तो कधी बदललाच नव्हता. खुला फोन तिच्या टेबलावर होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला झाकण उघडून दाखवायला, दिवसभर चार्जरला लावलेला. भावाने तिच्या खिशाकडे एकदा बघितलं आणि तो निघून गेला.

तळपायाची आग मस्तकात जाणे म्हणजे काय, ते मावशीला बावीस वर्षांत पुष्कळदा कळलं होतं. पण ती आग नेहमी दुसऱ्यावर असायची. ह्या वेळी ती कुणावर काढायची ते तिला समजेना. तिने दाराला ‘बंद’ची पाटी लावली आणि भावाचा फोन चार्जरला न लावता नुसता समोर ठेवला. हात लावला नाही. पाच मिनिटांनी फोन लावला, वाजला. दहा मिनिटांनी वाजला. वीस मिनिटं थांबून लावला, आणि तिच्या कानात घंटी वाजत राहिली, समोरचा फोन मात्र काळा ठिक्कर. तिने नुसतं बोट लावलं तर तो लगेच जागा झाला, शहाण्यासारखा, काही झालंच नाही असा.

तिने दिवसभर तेच केलं. संध्याकाळपर्यंत सगळं लख्ख झालं होतं. केबल काढून फोन पंधरा-वीस मिनिटं निवांत पडला, की तो इतका गाढ झोपत होता की कॉलने उठतच नव्हता. केबल लावलेली असली की झोपच लागत नव्हती. आणि गटातल्या प्रत्येकाचा फोन कुठे होता? टेबलावर, कॉम्प्युटरच्या केबलला जोडलेला. प्रोग्राम तपासायला केबल लावावीच लागते. चौदा जणांनी वर्षभर फोन तपासला होता आणि एकानेही तो खिशात घालून रस्त्याने चक्कर मारली नव्हती. तिने कपाळावर हात मारून घेतला. मग तिला आठवलं की तक्रार बंद करायला संमती कुणी दिली होती, आणि तो हात तिथेच राहिला.

शनिवारी ती प्रयोगशाळेत शिरली तेव्हा टेबलावर छापून आलेली पत्रकं रचलेली होती. ‘तुमचा फोन, खऱ्या अर्थाने तुमचा.’ विक्रीला नऊ दिवस उरले होते. मावशीने उभ्यानेच सगळं सांगितलं. भाऊ, लिफ्ट, निळे ओठ, वीस मिनिटं. शेवटी म्हणाली, “मला दोन गोष्टी हव्यात. तारीख पुढे ढकला. आणि माझ्या भावाच्या शेठना पत्र लिहा की चूक फोनची आहे, माणसाची नाही.”

प्रसिद्धीवाल्याने डोकं धरलं. “मावशी, असलं पत्र बाहेर गेलं तर मोठ्या कंपन्या आपल्याला गिळतील. हेच हवंय त्यांना. म्हणतील, बघा, चार हौशी लोकांनी फोन काढला, तो वाजतसुद्धा नाही.”

“नाहीच वाजत तो.”

“दुरुस्ती करता येईल ना,” सर शांतपणे म्हणाले. त्यांच्या आवाजात थकवा होता. “चूक सापडली हे उत्तमच झालं. विक्री ठरल्याप्रमाणे होऊ दे. महिना-दोन महिन्यांत सुधारलेला प्रोग्राम पाठवू, फोन आपोआप सुधारतील. सहा वर्षं वाट बघितली आहे मावशी. आता तारीख हुकली तर लोकांचा विश्वास परत बसणार नाही.”

“दोन महिने,” मावशी म्हणाली. “तोवर कुणी अडकलं तर त्यांनी लिफ्टमध्ये दोन महिने बसून राहायचं का?”

“प्रत्येकजण काही लिफ्ट मेकॅनिक नसतो,” प्रसिद्धीवाला म्हणाला.

तिथे मावशीच्या डोक्यात तिडीक गेली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर त्यांना सोपं गेलं असतं, मावशी तापली म्हणून चहा मागवला असता. तिने टेबलावरची पत्रकं दोन्ही हातांनी उचलून खुर्चीवर ठेवली आणि टेबल मोकळं केलं.

“सगळ्यांनी आपापल्या खिशातला फोन काढून इथे ठेवा. बॅगेतला नाही, टेबलावरचा नाही. खिशातला. ज्याच्यावर तुमची आई फोन करते तो.”

आधी चष्मिषने आपला काढून ठेवला, आणि तो ठेवतानाच तिचा चेहरा उतरला. एकामागून एक फोन टेबलावर आले. सरांनी सगळ्यात शेवटी ठेवला. कंपन्यांचे चकचकीत फोन, गोंदाने चिकटवलेल्या बॅटऱ्यांचे, उघडता न येणारे, ज्यांच्या नावाने ह्याच खोलीत दर शनिवारी बोटं मोडली जात होती. मावशीने त्यांच्याशेजारी आपला बटणांचा फोन ठेवला. चौदा फोन होते. त्यांत खुला एकही नव्हता.

“आपण चौदा जण हा फोन बनवतो, आणि आपल्यापैकी एकाचाही त्याच्यावर विश्वास नाही,” ती म्हणाली. “विश्वास ठेवला कुणी, तर माझ्या भावाने. त्याला फोनमधलं काही कळत नाही म्हणून. त्याचा चाव्यांचा जुडगा गेला. आणि मी, मीच त्याला सांगितलं, तू आवाज बंद केला असशील. कंपनीवाल्यांनी सुताराला दिलं होतं ना उत्तर, अगदी तसंच. आमच्याकडे असं होत नाही. वरती पुन्हा यादी उघडी म्हणून आपणच आपली पाठ थोपटतोय.”

मावशीने किल्ल्यांच्या जुडग्यातून सिमची बारीक पिन काढली.

“ज्याला हा फोन लोकांना विकायचाय, त्याने आपलं सिम ह्याच्यात घालायचं. आत्ता. मी काढून देते.”

पहिला फोन तिने स्वतःचा घेतला. त्याला पिन लागत नव्हती, मागचं झाकण उघडून तिने सिम काढलं आणि खुल्या फोनमध्ये सरकवलं. मग ती टेबलाभोवती फिरली. चष्मिषने फोन पुढे केला. एक शिक्षक म्हणाले, माझ्या वडिलांची तब्येत नरम आहे, मला फोन चालू हवा. मावशी त्यांच्याकडे नुसती बघत उभी राहिली. त्यांच्या तोंडून काय निघालं ते त्यांना तेव्हा ऐकू आलं. ते खाली बघायला लागले, आणि मावशीने त्यांना सोडून दिलं. प्रसिद्धीवाल्याने फोन उचलून परत खिशात घातला. सरांनी मात्र स्वतः तिच्या हातातून पिन घेतली. पिन तीनदा भोकावरून घसरली, पण त्यांनी मदत मागितली नाही.

बारा खुले फोन टेबलावर ठेवले गेले, केबलशिवाय. पडदे एकेक करून काळे झाले. वीस मिनिटं कुणी त्यांना हात लावला नाही. मग चष्मिषने प्रयोगशाळेच्या भिंतीवरच्या फोनवरून एकेक नंबर लावायला सुरुवात केली. पहिला वाजला, दुसरा वाजला, आणि प्रसिद्धीवाल्याने सुटकेचा श्वास टाकला. तिसरा वाजला नाही. पाचवा नाही. बारांपैकी सात वाजले. सरांचा फोन गप्प राहिलेल्यांत होता. चष्मिष रिसीव्हर हातात धरून उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते लपवलं नाही. फोनला झोपवण्या-उठवण्याचा तो भाग तिने लिहिला होता.

सरांनी एक पत्रक उचललं, उलटं केलं आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर पेनने लिहायला लागले. शेठना उद्देशून. चूक आमच्या फोनची आहे, तुमच्या माणसाने ती आम्हाला आधी सांगितली होती आणि आम्ही त्याचं ऐकलं नाही, असं त्यात स्पष्ट होतं. खाली सही केली आणि पत्र मावशीकडे सरकवलं. मावशीने वाचलं आणि पेन मागितलं. ‘ऐकलं नाही’च्या खाली तिने आपलंही नाव लिहिलं, पूर्ण नाव, झाकणाच्या रेखाचित्रावर होतं तसं.

“तारीख?” प्रसिद्धीवाल्याने विचारलं.

“पुढे जाईल,” सर म्हणाले. “का गेली तेही यादीत लिहा.”

सोमवारी सकाळी भाऊ दुकानाशी आला, पत्र घेतलं, तिथेच उभ्याने दोनदा वाचलं. बहिणीच्या सहीपाशी त्याची नजर थांबली. मग तो शेठकडे गेला. मावशी पाटी ‘उघडं’ करून कामाला बसली. एका फोनची चार्जिंगची खाच साफ करत होती, पण लक्ष सगळं एप्रनच्या खिशाकडे. खिशात आता खुला फोन होता. दहा वाजले, अकरा वाजले. शेठनी पत्र फाडून टाकलं असेल, भाऊ कुठेतरी सुन्न बसला असेल, असं काय काय तिच्या मनात येत राहिलं. मधेच तिला सरांचा, शेठचा, स्वतःचा, सगळ्यांचा राग यायचा आणि चिमटा हातातून निसटायचा.

साडेअकराला भाऊ दारात उभा राहिला. धापा टाकत होता. हातात चाव्यांचा जुडगा होता.

“घेतलं परत,” तो म्हणाला. “म्हणाले, कामावर तुझा जुनाच फोन वापरायचा, ही अट. आणि त्या दवाखान्यातल्या बाईंना जाऊन भेटून यायचं. तुम्हा दोघांनी, असं म्हणाले.”

“जाऊ,” मावशी म्हणाली. “पण मेल्या, एक फोन नाही का करायचा? माझा जीव टांगणीला लागलाय इथे.”

भावाने चाव्यांचा जुडगा काउंटरवर ठेवला.

“तीनदा केला ताई.”

मावशीने खिशातून फोन काढला. बोट लागताच तो जागा झाला, स्वच्छ, एकही नोंद नाही. मग तिने दुसरी खुर्ची भावाकडे सरकवली, वही ओढली आणि पेनचं टोपण दाताने काढलं.

“बस,” ती म्हणाली. “पहिला किती वाजता केलास, नीट आठवून सांग.”